घर भाड्याने देताना: नॉन-ऑक्युपन्सीचा घोळ

महाराष्ट्रात फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटीच्या बिलात 'नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस' येतात. ते सेवाशुल्काच्या (पगार, झाडलोट, जिन्याची वीज अशा सेवांच्या खर्चाच्या) १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. सरकारचा २००१ चा आदेशच तसा आहे. चूक होते ती आकारणीत. समजा, बिल ४,००० रुपयांचं आहे आणि त्यात सेवाशुल्क १,५०० आहे, बाकी मालमत्ता कर, पाणी, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी). मग आकार १५० रुपये, ४०० नव्हे. बिल ओळीओळीने वाचा आणि हरकत लेखीच घ्या. वॉचमनजवळ तणतणून काही होत नाही. घरात मुलगा, मुलगी, भाऊ-बहीण राहत असतील तर हा आकार लागतच नाही.

दुसरा खर्च कराराचा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, पण त्यात अनामत रकमेवरचं वर्षाला १० टक्के मानीव (म्हणजे फक्त हिशेबापुरतं) व्याजही धरून. २०,००० भाडं, ११ महिने, १ लाख अनामत: २,२०,००० अधिक ९,१६७, म्हणजे शुल्क सुमारे ५७३ रुपये. शहरात नोंदणी फी १,००० वेगळी. एजंट 'सगळं मिळून' आकडा सांगतो, त्याची फोड मागा. आणि नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकाची, भाडेकरूची नाही.