मजुरी किती बसली?

एमएस्सीच्या त्या जुलैत मी घरात पाऊल टाकलं की आई म्हणायची, "आली बघा ट्रंकेतली पैठणी." अंगाला डांबरगोळ्यांचा वास. आंघोळ केली तरी वेणीतून जायचा नाही.

प्रोजेक्ट होता धातूच्या अणूंची साखळी बनवण्याचा. तीन निकेल, सरळ एका रांगेत. घर हुपरीत, आप्पांचा जन्म चांदीची तार ओढण्यात आणि पैंजणाच्या कड्या झाळण्यात गेलेला. त्यामुळं कोल्हापुरातून परत आल्यावर रोज चौकशी व्हायची, "कुठवर आली तुझी साखळी?"

डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन. ८० अंशांना वितळतं, उकळायला २१८ लागतात. म्हणजे साध्या काचेच्या चंबूत, दाब न वाढवता, दोनशेच्या आसपास तापवता येतं. त्यात निर्जल निकेल क्लोराइड आणि डायपिरिडिलअमीन, म्हणजे तीन नायट्रोजन असलेला एक रेणू, टाकायचं. मग ब्युटेनॉलमध्ये विरघळवलेलं पोटॅशियम टर्शरी-ब्युटॉक्साइड थेंबथेंब सोडायचं. ते अमीनच्या मधल्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन काढून घेतं, तिन्ही नायट्रोजन मोकळे होतात आणि प्रत्येक जण एकेक निकेल धरतो. असे चार रेणू चारी बाजूंनी. ब्युटेनॉल ऊर्ध्वपातनानं निघून जातं.

ऐकायला सोपं आहे. पण निर्जल निकेल क्लोराइड पिवळं असतं आणि पाणी प्यायलं की हिरवं होतं, आणि कोल्हापूरचा जुलै तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या खेपेला बाटलीच्या कडेला हिरवट झाक होती. मी डोळेझाक केली. हाती चिखल आला. दुसऱ्या खेपेला विसरून चंबू रात्रभर थंड होऊ दिला. सकाळी आत दगड, आणि वर कंडेन्सरमध्ये, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या नळीत, नॅफ्थलीनच्या पांढऱ्या सुयांचं जंगल! ते हेक्झेनने धूत बसले दोन दिवस. तिसऱ्या खेपेला डायक्लोरोमिथेन या द्रावकात गडद रंग उतरला, म्हणजे साखळी तयार झाली होती, तेव्हा कुणाला सांगू असं झालं.

हा पदार्थ काही माझा शोध नव्हे. तो १९६८ सालीच तयार झाला होता. पण त्यात तीन निकेल रांगेत बसलेत हे स्फटिकावर क्ष-किरण टाकून कळलं ते १९९१ साली. तेवीस वर्षं साखळी बाटलीत होती!

त्या रात्री आप्पांना वहीत चित्र काढून दाखवलं. चार रेणू सरळ उभे राहत नाहीत, रेणूतल्या शेजारच्या वलयांवरचे हायड्रोजन एकमेकांना ढकलतात, म्हणून चौघं साखळीभोवती पीळ घेतात. पीळ म्हटल्यावर आप्पांनी चष्मा लावला.

"आणि कड्या झाळल्यात कशानं?"

खरी मेख तिथंच. निकेल-निकेलमध्ये जवळजवळ बंधच नसतो. ते शेजारी बसलेत ते चारी बाजूंच्या पकडीमुळं. कोबाल्टचं वेगळं. तिथं तिघांत मिळून बंध असतो, आणि कधी दोन्ही अंतरं सारखी, कधी एक जोडी जवळ नि तिसरा लांब. या साखळ्यांना सरसकट 'रेणूची तार' म्हणतात ते मला म्हणूनच पटत नाही. तार म्हटलं की माणूस वीज वाहताना बघतो.

"चौथा निकेल जोड की मग."

"तसा जोडता येत नाही, आप्पा. नायट्रोजन तीन तर निकेल तीन. पाच हवे तर पाच नायट्रोजनचा रेणू आधी बनवायचा. तैवानमध्ये शी-मिंग पेंग यांच्या गटानं अकरा निकेलपर्यंत नेलंय."

"म्हणजे आधी साचा, मग माल." आमच्या सरांनी दोन तास घेतले होते हे सांगायला.

दोन निकेलमधलं अंतर इतकं की एक सेंटीमीटर भरायला चारेक कोटी अणू लागतील, असंही मी सांगितलं. त्यावर ते काही बोलले नाहीत. माझी कुपी घेतली, आधी रिकामी दुसरी कुपी काट्यावर ठेवली, मग मालासकट माझी. आकडा हलला नाही.

"किती दिवस गेले?"

"पाच आठवडे."

"आणि मजुरी किती बसली?"