कणकुंबीला मुलं नेताना

बेळगावहून चोर्ल्याच्या रस्त्याला लागलं की पिरनवाडी, किणये, कुसमळी, जांबोटी करत पंचेचाळीसेक किलोमीटरवर कणकुंबी लागते. गोव्याच्या गाड्या इथे चहापुरत्या थांबतात. आम्ही सातवी-आठवीची मुलं घेऊन येतो ते दिवसभरासाठी, कारण नागरिकशास्त्राच्या पुस्तकातली ग्रामपंचायत, वनखातं, राज्य, लवाद ही सगळी मंडळी इथे एकाच पाण्याच्या काठावर भेटतात.

पावसाळ्यात येण्यात अर्थ नाही. धुकं आणि जळवा एकवेळ सोसतील, पण ओढा गढूळ असला की पाण्यातले किडे बघायच्या ट्रेमध्ये चिखलापलीकडे काही दिसत नाही. मार्चनंतर वरचे ओहोळ आटत जातात. दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरचा नोव्हेंबर सगळ्यात बरा. मुलं वीसच घ्यायची, पाच-पाचच्या चार टोळ्या आणि प्रत्येक टोळीमागे एक मोठं माणूस. चाळीस नेली तर मागच्यांना काही दिसत नाही, आणि दिसेनासं झालं की ती पाण्यात दगड मारायला लागतात.

येताना वाटेत कुठे थांबायचं नाही, थेट वर कणकुंबीला यायचं. माउलीच्या मंदिराजवळ मलप्रभेचं उगमाचं कुंड आहे. ते देवाचं ठिकाण, तिथे जाळी-बिळी काढायची नाही. हात जोडून बाहेर आलं की एकच प्रश्न विचारायचा: हे पाणी कुठल्या समुद्राला मिळतं? बहुतेक पोरं ‘गोव्याच्या’ म्हणून मोकळी होतात, कारण सीमाभागातल्या पोराला समुद्र म्हणजे गोवाच. मलप्रभा मात्र पाठ फिरवून पूर्वेला जाते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि पुढे बंगालच्या उपसागरात. याच गावाच्या शिवारातला कळसा नाला म्हादईला मिळतो. ती गोव्यात मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्रात उतरते.

हे तोंडी सांगून पटत नाही. निवडणुकीच्या किंवा वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सचा दीड मीटरचा तुकडा सोबत घ्यायचा. तो उलटा करून दगडांवर असा अंथरायचा की मधे वाकडातिकडा उंचवटा राहील. तळाला भोकं पाडलेल्या डब्यातून वरून अर्धा लिटर पाणी सोडायचं. मुलं हमखास छपरासारखा सरळ कणा करतात, मग पाणी दोन्हीकडे सारखं वाटलं जातं आणि सगळी गंमत जाते. कणा नागमोडी हवा. एकदा पाणी ओतून झालं की एका मुलाला उंचवट्यावर बोटाने खाच दाबायला लावायची आणि पुन्हा पाणी सोडायचं. पश्चिमेला जाणारी एक धार खाचेतून पूर्वेला वळते. कालवा म्हणजे ही खाच. कळसा आणि भांडुरा या नाल्यांचं म्हादईकडे जाणारं पाणी मलप्रभेत वळवायचा कर्नाटकाचा कळसा-भांडुरा प्रकल्प एवढाच, फक्त खऱ्या मापात.

इथून आकड्यांवर यायला हरकत नसते. तीन राज्यांतला पाण्याचा तंटा सोडवायला नेमलेल्या म्हादई लवादाने ऑगस्ट 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. कर्नाटकाच्या वाट्यातलं मलप्रभेत वळवायचं 3.9: कळशाचं 1.72 आणि भांडुऱ्याचं 2.18. टीएमसी हा शब्द मुलं बातम्यांत ऐकतात, पण तो केवढा असतो ते डोळ्यांसमोर येत नाही. गणित त्यांच्याकडूनच करून घ्या: एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,831 कोटी लिटर, दहा हजार लिटरचे अठ्ठावीस लाखांवर टँकर.

मग सुनावणी. चार टोळ्या, चार बाजू: मलप्रभेच्या पाण्यावरचे सौंदत्ती-नरगुंदकडचे शेतकरी, मांडवीकाठचे गोवेकर, कणकुंबी भागातले गावकरी आणि नदीतलं पाणमांजर. बाजू चिठ्ठीनेच ठरवायची, नाहीतर ज्याची मावशी फोंड्याला तो गोव्याकडे धावतो. प्रत्येकाला तीन मिनिटं, पण त्यातलं पहिलं मिनिट आधीच्या वक्त्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगण्यात घालवायचं. हा नियम नसला तर दहाव्या मिनिटाला सीमाप्रश्न निघतो, आणि तो निघाला की पाणी राहतं बाजूला. निकाल द्यायचा नाही. जेवायला बसायचं.

परतीच्या वाटेवर जांबोटीला भीमगडचं नाव काढायचं, आत शिरायचं नाही. ते 2011 पासून अभयारण्य आहे, परवानगीशिवाय प्रवेश नाही. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतली रॉटनची वटवाघळं 1913 साली विज्ञानाच्या नोंदीत आली आणि पुढे कित्येक दशकं जगात दुसरीकडे कुठेच माहीत नव्हती. ‘मग बघायला का न्यायचं नाही?’ असं पोरं विचारतात. गर्दीने गुहेतली वटवाघळं विस्कटतात म्हणून. जाऊन बघण्याइतकंच न जाणंही शिकवायला लागतं.

कुसमळीला मलप्रभा पुन्हा भेटते, आता चांगली रुंद झालेली. खरं काम इथे. मच्छरदाणीचा एक मीटर लांब-रुंद तुकडा, दोन बाजूंना बांबूच्या काठ्या, खालच्या कडेला सायकलची जुनी चेन शिवलेली, म्हणजे जाळी तळाला टेकून राहते. पाणी गुडघ्याखाली असेल तिथेच उतरायचं, तेही कॅनव्हासचे जुने बूट घालून, कारण चपला वाहून जातात. जाळी प्रवाहाला आडवी धरायची आणि एकाने तिच्या वरच्या अंगाला उभं राहून मिनिटभर पायाने तळाचे गोटे हलवायचे. खालच्या अंगाला उभं राहिलं तर किडे जाळीत न येता वाहून जातात. जाळी आईस्क्रीमच्या पांढऱ्या डब्यात दोन बोटं पाण्यात झटकायची. उचललेला दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवायचा.

दहापट भिंगाखाली आधी मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या किड्यांची पिल्लं शोधायची. शेपट्या मोजून मुलं फसतात: मेफ्लायला बहुधा तीन असतात, पण दोनवालेही निघतात. पाय बघा, मेफ्लायच्या पायाला एकच नखी, स्टोनफ्लायच्या दोन. शिवाय मेफ्लायच्या पोटाच्या कडांना पिसांसारखे कल्ले हलत असतात. ही दोन्ही मुबलक मिळाली तर पाण्यात प्राणवायू चांगला आहे. नुसत्या लाल अळ्याच मिळाल्या तर घाण कुठून येते ते वरच्या अंगाला जाऊन बघायचं. डबा सावलीत ठेवून दहा मिनिटांत पाण्यात रिकामा करायचा. पाणी तापलं की प्राणवायू उतरतो आणि मेफ्लाय सगळ्यात आधी मरतात.

पुलाखाली कचरा असतोच. आपापल्या गावच्या ओढ्यावरही हेच करायचं: पन्नास पावलांच्या पट्ट्यात मोजून लिहायचं, बाटल्या किती, गुटख्याच्या पुड्या किती. मग प्रश्न, अर्ज कुणाला? काठ पंचायतीचा, पूल बांधकाम खात्याचा, पलीकडची झाडं वनखात्याची. एकाच अर्जात तिघांना घातलं की तिघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. म्हणून एक अर्ज, एक खातं, एक मागणी. ‘योग्य ती कारवाई करावी’ लिहायचं नाही. जागा, तारीख, मोजणी आणि काय हवं ते लिहायचं.

अर्ज मराठीत चालतो. राज्यघटनेच्या 350 व्या कलमाने राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. पण पीडीओंच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या, टेबलावर तो पडून राहू नये म्हणून मागे कानडी प्रत जोडायची, आणि ती शाळेत कानडी शिकणाऱ्या पोरांनीच लिहायची. चुका झाल्या तर होऊ देत, कारकून हसत का होईना दुरुस्त करून देतो आणि अर्ज वाचलाही जातो. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय हलायचं नाही. मुलांच्या ग्रामसभेचा, म्हणजे ‘मक्कळ ग्रामसभे’चा, दिवस त्याच वेळी विचारून घ्यायचा आणि शिक्क्याची प्रत त्या दिवसासाठी वहीत चिकटवून ठेवायची.