किल्लारीची माळवदं

तुळजापूर, नळदुर्ग, परंडा सगळं छान झालं. त्यावर पुन्हा कधीतरी. आज किल्लारीबद्दलच लिहिते, कारण तिथली एक भिंत डोक्यातून जात नाहीये.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं दमून झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादच्या पट्ट्यात सुमारे १०,००० माणसं गेली. तीव्रता जेमतेम ६.२. पण केंद्र उथळ, गावांच्या अगदी खाली. दख्खनचं पठार स्थिर, असं आपण भूगोलात शिकलो. भारतीय भूपट्ट हिमालयाकडे रेटला जातो आणि त्याचा ताण इतक्या आतही साठतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. १९९२ मध्येच किल्लारीला धक्के बसत होते.

जुन्या गावात वेड्या बाभळींत कमरेएवढी एक भिंत उभी आहे. चांगली दोन-अडीच फूट जाड. टोकाकडून पाहिलं तेव्हा कळलं, ती एक भिंत नाहीच. बाहेरून दगडांचा एक थर, आतून दुसरा, मध्ये माती आणि दगडांचे तुकडे कोंबलेले. दोन्ही थरांना बांधणारा आरपार लांब दगड कुठेच नाही. जमीन हलली की थर फुगून एकमेकांपासून सुटतात आणि वरचं मातीचं माळवद, काही टन वजनाचं, झोपलेल्या माणसांवर येतं.

पुनर्वसित गावात एका मावशींनी भाकरी खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. "माळवदाच्या घरात उन्हाळ्यात पंखा लागत नव्हता बघा," त्या म्हणाल्या. "त्या राती आमी शेतावर खोपीत होतो, म्हणून राहिलो." गवताच्या हलक्या छपरांखालची माणसं वाचली, आणि ज्यांनी पै-पै जमवून जाड भिंती बांधल्या त्यांचा घात झाला. याचा मला फार राग येतो.

५२ गावं नव्या जागी वसवली. मला ती रुक्ष वाटली. रस्ते रुंद, रांगा सरळ. या ओसरीवरून त्या ओसरीवर हाक जात नाही. मावशी मात्र घर पक्कं आहे म्हणून समाधानी आहेत, तेव्हा माझ्या मताला किंमत नाही.

परतताना रस्त्याकडेला गोठ्याचं दगडी बांधकाम दिसलं. गाडी थांबवली. भिंत तशीच, दोन थरांची. गवंडीदादांना विचारलं, दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर आरपार दगड का नाही घालत? "माहितीय ताई. लांब दगड महाग पडतो, मालक नको म्हणतात." मालकांना तिथूनच फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "अहो, गोठाच तर आहे."

गोठ्याला लागून गड्याची खोली आहे. तिची भिंतही त्याच दगडांची चालली होती.