आत्याच्या ओव्या आणि चौदाचा टाइप

आत्याच्या पंचाहत्तरीला तिच्या जात्यावरच्या ओव्यांचं पुस्तक काढायचं आम्ही भाचरांनी ठरवलं. तीनशेच्या वर ओव्या मी वर्षभर तिच्याजवळ बसून टाइप करून घेतल्या होत्या. प्रत्येक ओवी निवडायची, हाताने फाँट लावायचा, साइज द्यायची, अशी सगळी फाइल तयार झाली आणि ती तशीच छपाईला दिली.

प्रूफ हातात आलं तेव्हा फार वाईट वाटलं. माझा फाँट तिथल्या कॉम्प्युटरवर नव्हता, त्यामुळे दुसराच आला होता. ओळी सरकल्या होत्या, ओवीचा एक चरण पानाच्या तळाला आणि दुसरा पुढच्या पानावर. शिवाय ल आणि श हिंदी वळणाचे. पाकळीचा ल आणि देठाचा श ही आपल्या मराठीची रूपं, शासनाच्या २००९ च्या निर्णयातही तीच आहेत. आत्याच्या ‘लेकी’तला ल परका दिसावा, हे मला चालणार नव्हतं.

मग लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल नव्याने मांडली, या वेळी आधी स्टाइल ठरवून. स्टाइल म्हणजे फाँट, साइज, अंतर यांचा एकत्र केलेला, नाव दिलेला संच; तो बदलला की ती स्टाइल लावलेला सगळा मजकूर बदलतो. एफ ११ दाबलं की स्टाइलची पट्टी उघडते. तिथे ‘ओवी’, ‘प्रसंग’ आणि ‘टीप’ अशा तीन स्टाइल केल्या. ‘ओवी’मध्ये फाँट बदलला, पण अक्षरं जागची हलेनात. संध्याकाळभर अडकले होते. शेवटी लक्षात आलं की फाँटच्या खिडकीत दोन भाग असतात. एक रोमन अक्षरांसाठी आणि दुसरा ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’चा. देवनागरी या दुसऱ्या भागाचं ऐकते. फाँट, साइज, भाषा, तिन्ही तिथेच द्यायचं. भाषेत ‘मराठी’ निवडणं विसरू नका. काही फाँटांत मराठी ल आणि श आत असतात, पण भाषा सांगितल्याशिवाय बाहेर येत नाहीत. मी टिरो देवनागरी मराठी हा मोफत फाँट घेतला. त्यात ही रूपं मुळातच आहेत.

ओळींमधलं अंतर आधी ठरावीक आकड्याचं ठेवलं होतं. त्यात वेलांटी आणि रफार वरून छाटले जात होते, ‘कीर्ती’ तर बघवेना. ‘किमान’ हा पर्याय दिला तेव्हा अक्षरांना डोक्यावर जागा मिळाली. ओवीचे दोन्ही चरण एकाच परिच्छेदात ठेवून ‘परिच्छेद तोडू नये’ एवढी एक खूण केली आणि एकही ओवी पानांत फाटली नाही.

पानाचीही स्टाइल असते. डेमी आकार, साडेपाच बाय साडेआठ इंच, समोरासमोरची पानं आरशासारखी आणि शिवणीकडचा समास जास्त. हे सगळं टेम्प्लेट, म्हणजे पुन्हा वापरता येणारा साचा, म्हणून सेव्ह केलं. छपाईला या वेळी पीडीएफ दिली, कारण तिच्यात फाँट सोबतच जातो. घरी नमुना काढताना प्रिंटच्या खिडकीत ‘पानात बसवा’ बंद करून ‘मूळ आकार’ ठेवला आणि पट्टी लावून समास मोजला.

तो नमुना आत्याने खिडकीशी नेऊन वाचला. म्हणाली, “अक्षर बारीक पडतंय गं मला.”

आधीच्या फाइलमध्ये यासाठी तीनशे ओव्या पुन्हा निवडाव्या लागल्या असत्या. आता ‘ओवी’ स्टाइलमध्ये बाराचे चौदा केले आणि अख्खं पुस्तक एकदम मोठं झालं. ८० पानांची ९३ झाली. छापखान्यातले काका म्हणाले, “फॉर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडायचा कागद, सोळा पानांचा. ९६ करा, नाहीतर शेवटची तीन कोरी जातील.”

आत्याला सांगितलं. तिने चष्मा पुसला. “कोरी कशाला सोडतेस? भावाच्या ओव्या कुठं सांगितल्यात मी अजून.”

मी फाइल उघडली, ‘ओवी’ स्टाइल निवडली. ती सांगू लागली.