खुंटाच्या खाली काय चालतं

दिंडोरीकडच्या आमच्या द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी झाली की मी नव्या फुटीकडे लक्ष ठेवून असते. पाणी कमी पडलं की अ‍ॅब्सिसिक आम्ल, म्हणजे वेलीतलंच एक संप्रेरक, पानांतली पर्णरंध्रं, म्हणजे बारीक छिद्रं, मिटवतं. वाफ थांबते, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, म्हणजे अन्न तयार होणं मंदावतं. एखाद्या दुपारपुरतं हे ठीक. ताण आठवडेच्या आठवडे टिकला तर वेल वाढच बदलते: पेरं आखूड, पानं लहान, पांढरी मुळं ओल शोधत खाली. मग रंध्रं पुन्हा उघडू शकतात आणि पुढच्या अचानक ताणासाठी ती युक्ती शिल्लक राहते. मला हे फार मोलाचं वाटतं.

पण सगळंच एका वेलीच्या आयुष्यात जमत नाही. खारवट पाण्यात थॉमसन या द्राक्षजातीची स्वतःची मुळं टिकेनात, म्हणून आपल्याकडे डॉगरीज खुंट आला, म्हणजे मुळांसाठी खाली दुसरी वेल आणि तिच्यावर थॉमसनचं कलम. मूळचा टेक्सासचा, चुनखडीच्या कोरड्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या घडलेला. कलमाच्या गाठीवर बोट फिरवलं की जोड हाताला लागतो.

नवीन खुंटरोपांना ड्रिपने रोज थोडं थोडं पाणी देऊ नका. जमीन बघून अंतर ठेवा, पाणी खोल मुरू द्या.