तोबाच्या आजी

लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून यंदा फेब्रुवारीत आम्ही दोघं जपानला जाऊन आलो. सहल महाग पडली, पण कित्येक वर्षं त्यासाठीच पैसे साठवले होते.

इसे-शिमाला खोलीलाच लागून गरम पाण्याचं कुंड होतं आणि समोर आगोचा उपसागर. मोत्यांच्या शेतीचे तराफे बघत पहाटे त्यात बसून राहायचं. तिथून इसेचं देऊळ जवळ. सूर्यदेवी अमातेरासूचं हे देऊळ दर २० वर्षांनी शेजारच्या जागेत नव्याने बांधतात आणि देवीला तिकडे नेतात. मागच्या वेळी २०१३ साली नेलं, आता २०३३ मध्ये नेतील. जुन्या जागेवर नुसते गोटे. गोव्यात पोर्तुगिजांच्या धाकाने मंगेशाला १५६० साली कुठ्ठाळीहून जुवारी नदीपलीकडे प्रियोळला कसं आणलं, हे ऐकत आपण वाढलो. आपल्या देवाला घर सोडावं लागलं आणि इथे देवी ठरल्या वर्षी नव्या घरी जाते. त्या मोकळ्या जागेसमोरून माझा पाय निघेना.

तोबाजवळ आमांच्या खोपटात जेवलो. आमा म्हणजे पाठीवर नळकांडं न घेता, नुसत्या दमावर बुडी मारून शिंपले काढणाऱ्या बायका. सत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी निखाऱ्यावर साझाए, म्हणजे समुद्रातले शंख, ठेवले. शंखाच्या तोंडाशी रस खदखदू लागला आणि वास थेट आमच्या शिवोलीच्या घरातला. वर आल्यावर श्वास सोडताना शीळ कशी घुमते, तेही त्यांनी करून दाखवलं. डोक्याच्या फडक्यावर निळ्या दोऱ्याची चांदणी होती. ती एका रेघेत काढतात. जिथून सुरू तिथेच संपते, तशी पाण्यात गेलेली बाई परत यावी म्हणून.

पुढे होक्काइडोत निसेकोला चार दिवस. सायबेरियाचं गार वारं जपानच्या समुद्रावरून वाफ उचलून आणतं आणि इथे डोंगरांवर रितं करतं. तो बर्फ इतका कोरडा की मूठ वळली तरी लाडू होईना, तूप न घातलेल्या रव्यासारखा. नवरा दिवसभर स्कीइंग करायचा. मी दोन दिवस शिकले, मग खिडकीतून योतेई डोंगर बघत बसले.

आईसाठी तसंच चांदणीचं एक फडकं आणलं. शापोरा नदीत ओहोटीला कमरभर पाण्यात उभं राहून तिने आयुष्यभर तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढल्या. चांदणीचं सांगितल्यावर तिने चष्मा लावला आणि दोऱ्यावरून बोट फिरवत फिरवत पहिल्या टोकाशी आणून ठेवलं.