परसातली आगगाडी: रुळांआधी मुरूम

बागेत चालवायच्या छोट्या, मॉडेल आगगाडीबद्दल जे छापील वाचायला मिळतं ते बहुतेक इंग्लंड, जर्मनी नाहीतर अमेरिकेतलं. तिथल्या लोकांना चिंता असते थंडीत जमीन गोठून वर येण्याची. आपल्याकडे काळी माती जूनमध्ये फुगते आणि मार्च-एप्रिलमध्ये भेगा पडून आकसते. अशा मातीवर नुसती खडी पसरून रूळ टाकले तर पहिल्याच पावसाळ्यानंतर एक रूळ वर, एक खाली. मग गाडी त्याच त्या जागी घसरत राहते आणि दोष इंजिनाला दिला जातो. म्हणून इंजिन कुठलं घ्यायचं हे नंतर बघू, आधी खड्डा.

पण खड्डा खणायला माप ठरलेलं हवं. माप म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. बागेसाठी दोन मापं चालतात. पहिलं ४५ मिमीचं, ज्याला जी स्केल म्हणतात. जर्मनीच्या एलजीबी या मॉडेल गाड्यांच्या ब्रँडने १९६८ मध्ये ते आणलं आणि रूळ, डबे, सांधे (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे रूळ) सगळं याच मापात सहज मिळतं. १:२२.५ या प्रमाणात ४५ मिमी म्हणजे मीटरगेज, म्हणजे एकेकाळची पुणे–मिरज. दुसरं ३२ मिमीचं, १:१९ प्रमाणाचं. ते दोन फुटी गेजसाठी, म्हणजे १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ–माथेरानसाठी अगदी बरोबर बसतं. माथेरान करायचं मनात असेल तर ३२ च घ्या. फक्त चढ माथेरानचा घेऊ नका. तिथे १:२० आहे. बागेत १:५० ठेवावा, फारच अडलं तर १:३०. ओल्या पानावरून चाक फिरायला लागलं की त्याहून तीव्र चढावर गाडी जागच्या जागी उभी राहते.

पुढचे आकडे ४५ मिमीसाठी आहेत. सहा मीटर लांब, २.४ मीटर रुंद असा लंबगोल धरा. त्याला ११९५ मिमी त्रिज्येचे १६ वळणाचे तुकडे आणि ३० सेंमीचे २४ सरळ तुकडे लागतात. मार्ग भरतो १४.७ मीटर. सुरुवातीच्या संचात येणारी ६०० मिमीची वळणं टाळा. चार चाकी इंजिन त्यावरून जातं, पण लांब बोगीचा डबा वळणात आतल्या बाजूला पोट काढतो, चाकं रुळाला घासतात आणि इंजिनावर ताण येतो.

आता खड्डा. मार्गाच्या रेषेवर ३० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल चर. तळाला बारीक छिद्रांची लोखंडी जाळी अंथरा, कारण घूस एका रात्रीत रुळाखाली बोगदा काढते. त्यावर मुरूम, दहा-दहा सेंमीच्या दोन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने ठोकलेला. एकदम वीस सेंमी टाकून वरून ठोकलं तर खालचा अर्धा भाग पोकळच राहतो. अर्धा ब्रास (५० घनफूट) मुरूम पुरतो आणि थोडा उरतो. मग जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, त्यावर ८ सेंमी २० मिमीची खडी, आणि सगळ्यात वर ५ सेंमी ६ मिमीची ग्रिट. ग्रिट सिमेंटच्या गोणीच्या मापाने सुमारे सात गोणी आणून ठेवा. ती दगड फोडून केलेली, कोनाकोनाची हवी. नदीतले गोल खडे एकमेकांत अडकत नाहीत, रूळ त्यांच्यावर सरकतो. कापड मुरूम आणि खडीच्या मध्येच हवं, नाहीतर दोन पावसाळ्यांत मुरूम वर येऊन खडीच्या फटी बुजतात आणि पाणी साचतं. पाण्याचा ओघ जिथे मार्ग ओलांडतो तिथे ६३ मिमीचा पीव्हीसी पाइप आडवा पुरून टाका.

कोकणात आणि गोव्यात हा खटाटोप जरा वेगळा. जांभ्याची जमीन फुगत नाही, पण पाऊस रुळाखालची ग्रिट वाहून नेतो. तिथे चिऱ्यांची दीड-दोन फूट उंच भिंत घालून आत डबर आणि खडी भरावी, आणि भिंतीच्या तळाला दर मीटरला पाणी जायला भोक ठेवावं. उंचीमुळे वाकून काम करण्याचा त्रासही वाचतो.

पातळीसाठी गवंड्याची पारदर्शक पाण्याची नळी वापरा. लांबच्या अंतरावर छोट्या स्पिरिट लेव्हलपेक्षा ती खरी. स्पिरिट लेव्हल लागते ती दोन रुळांवर आडवी ठेवायला. लांबीच्या दिशेने थोडा चढ-उतार गाडी सहन करते. एक रूळ दुसऱ्यापेक्षा अचानक वर गेला तर नाही.

रूळ काँक्रीटमध्ये घट्ट बसवू नका. पितळ तापलं की वाढतं: दहा मीटर लांबी आणि ४० अंशांचा फरक धरला तर साडेसात मिमी. डिसेंबरच्या सकाळी तुकडे एकमेकांना भिडवून बसवले की मे महिन्याच्या दुपारी मार्ग सापासारखा वाकतो. ३० सेंमीच्या तुकड्यांमध्ये एका व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट पुरते. कार्ड मध्ये धरून तुकडा सरकवायचा आणि मग कार्ड काढून घ्यायचं. फक्त सांध्यांखाली आणि स्टेशनपाशी शहाबादी फरशीचा तुकडा द्यावा. सांध्याची सरकणारी पाती तिच्यावर सपाट राहतात, नाहीतर ग्रिटचा एक दाणा पात्यात अडकला तरी गाडी घसरते.

रुळांतून वीज द्यायची की इंजिनात बॅटरी आणि रिमोट बसवायचा? आमचा कौल बॅटरीला. जुलै-ऑगस्टमध्ये पितळावर काळपट थर इतक्या लवकर चढतो की गाडी चालवण्यापेक्षा रूळ घासण्यात जास्त वेळ जातो. रुळांतूनच द्यायची असेल तर तुकडे स्टेनलेस स्क्रूच्या क्लॅम्पने जोडा, दर पाच मीटरला अडीच चौरस मिमीची तांब्याची वायर द्या, आणि ट्रान्सफॉर्मर घरातच ठेवा. बाहेर २३० व्होल्ट नेऊच नका. रूळ हिरव्या स्क्रबरने कोरडे घासावेत. चिंचेने पितळ लखलखतं हे खरं, पण तो आंबटपणा तुकड्यांच्या जोडांत मुरतो आणि धातू पुन्हा लवकर काळवंडतो.

झाडांत सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, कारण परदेशी याद्या पाहून रोपं मागवली जातात. बुटका अल्बर्टा स्प्रूस पुण्याच्या उन्हाळ्यात टिकत नाही, आणि थाइम जुलैच्या दमटपणात बुडापासून कुजतो. नियम सोपा आहे: पान नखापेक्षा लहान असावं आणि छाटणी सोसावी. ४० सेंमीचं झाड या जगात नऊ मीटरचं दिसतं, पण पान मोठं असेल तर नजर लगेच चूक पकडते.

मोठ्या वृक्षांसाठी कुंती आणि नर्सरीत जेड म्हणून मिळणारं, गोल बारीक पानांचं झुडूप. जेडच्या मुळाशी पाणी राहिलं तर पानं गळतात, म्हणून ते नेहमी उंचवट्यावर. सूचिपर्णी रानाचा भास हवा तर मोरपंखी. रुळालगतच्या झुडपांना कुफिया: पानं बारीक, फुलं जांभळी, उंची फुटाच्या आतबाहेर. जमिनीवर कोरियन गवत लावा आणि ते कापू नका. न कापता ठेवलं की त्याचे गोल उंचवटे होतात, थेट सह्याद्रीच्या पावसाळी टेकड्या. सावलीत ओल असेल तिथे पिलिया आपली आपणच पसरते.

झाडं सरळ जमिनीत लावण्यापेक्षा १५ सेंमीच्या मातीच्या कुंडीत लावून कुंडी काठापर्यंत पुरावी. माती, शेणखत आणि ग्रिट सारख्या भागांत. वर्षातून एकदा, पाऊस सुरू होण्याआधी, कुंडी उपसून एक तृतीयांश मुळं कापायची; झाड बुटकं राहतं आणि मुळं खडीत शिरत नाहीत. मार्गाच्या मध्यापासून १२ सेंमीच्या आत काहीही लावू नका. तुमचा सगळ्यात लांब डबा हाताने ढकलत वळणावरून न्या आणि त्याचे कोपरे कुठवर जातात ते खडूने आखून घ्या.

खरे शत्रू हरळी आणि लव्हाळा. हरळीची मुळं कापडाच्या शिवणीतून वर येतात, लव्हाळ्याची गाठ कापडाला भोक पाडते. उपटताना गाठ तुटली तर पुन्हा फुटते, म्हणून खुरप्याने खालून काढावी लागते. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेलं पिंपळाचं किंवा वडाचं रोप दोन पानांचं असतानाच काढा. इमारतींना लाकूड नको, वाळवी लागते. फोमशीट किंवा सिमेंट शीट वापरा.

गणपतीनंतर पाऊस ओसरला की मार्गावर एक डबा हाताने फिरवा. जिथे तो कलतो तिथे रूळ उचलून खाली नवी ग्रिट भरा आणि दाबून बसवा. एक गोणी जास्तीची आणून ठेवली असेल तर त्याच दिवशी काम उरकतं.